रंकाळ्याच्या कट्ट्यावरचा हिशेब

आमच्या शिवाजी पेठेत कुणाचा पगार झाकून राहत नाही. पुण्याला हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आमच्या धाकट्या भावोजींना २४ लाखांचं पॅकेज मिळालं, ती बातमी पेढ्यांच्या आधी गल्लीत पोचली. मीही मनातल्या मनात बाराने भागून मोकळी झाले. महिना दोन लाख! तेव्हापासून घरातला कुठलाही मोठा खर्च निघाला की त्या दोन लाखांची आठवण व्हायचीच.

२०२५ च्या पावसात आमच्या जुन्या घराची मागची भिंत खचली. गवंड्याने चार लाखांचा अंदाज दिला. दसऱ्याला भावोजी आले नि म्हणाले, "आत्ता पन्नास हजार देतो." मामंजी गप्प, आमचे 'हे'ही गप्प. मी मात्र स्वयंपाकघरात बोलून गेले, "दोन लाख पगार, आणि पन्नास हजारांवर बोळवण!" वळून बघते तो जाऊबाई दारात उभी.

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एवढंच म्हणाली, "ताई, अंबाबाईला जाऊन येऊ. तसंच पुढं रंकाळ्यापर्यंत चालू."

दर्शन घेऊन महाद्वारातून बाहेर पडलो. महाद्वार रोडला सणाची गर्दी म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. पापाच्या तिकटीला चपलांच्या दुकानाशी ती थांबली. एक वेणीची चप्पल पायात घालून बघितली, किंमत विचारली आणि हळूच परत ठेवली. मला वाटलं, पुण्यात राहून आवड बदलली असेल. पुढे गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या. समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात, ती आपल्या कोल्हापूरचीच चैन. दोघींनी एकेक पेला घेतला. ओठावरचा फेस पुसत ती म्हणाली, "तिकडं पिशवीतलं दूध घेतानासुद्धा मी हिशेब करते हो."

रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो. शालिनी पॅलेसकडे ऊन कलत होतं. भेळ संपली, तसा तिने मोबाईल काढून पगाराची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "तुम्ही पाचवीच्या पोरांना गणित शिकवता ना? मग मांडा." मी पर्समधली पेन्सिल काढली आणि भेळेच्याच कागदावर मांडायला बसले.

पहिली गोष्ट म्हणजे २४ लाख हा पगार नव्हेच. कंपनीला त्या माणसाचा वर्षाचा पडणारा तो सगळा खर्च. त्यात कंपनीने भविष्यनिर्वाह निधीत भरायचे १,४४,००० रुपये आले. ग्रॅच्युइटीचे सुमारे ५८,००० आले, जे पाच वर्षं नोकरी टिकली तर पुढे मिळायचे. कामगिरी बघून वर्षाअखेरीला देण्याचे १,९८,००० हेही त्यातच. हे वजा केलं की उरतात २० लाख. म्हणजे महिना १,६६,६६७.

आता कर. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत पगारदाराला ७५,००० ची सरसकट वजावट मिळते. उरलेल्या १९,२५,००० वर पहिल्या चार लाखांना कर नाही. पुढच्या चार-चार लाखांना ५, १०, १५ असे टक्के चढत जातात आणि १६ लाखांच्या वरच्या भागाला २० टक्के. बेरीज होते १,८५,०००. त्यावर ४ टक्के उपकर धरून १,९२,४००, म्हणजे महिना १६,०३३. भावोजींच्या स्वतःच्या वाट्याचा निधी १२,००० आणि व्यवसाय कर २००. हातात पडतात सुमारे १,३८,४००.

"आणि घराच्या कर्जाची सूट?" मी विचारलं. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाला ती नाही. जुनी पद्धत घ्यावी, तर त्यांच्या आकड्यांना कर आणखीच जास्त बसतो.

मग तिच्या घरची वजाबाकी. घराचा हप्ता ६१,०००, गाडीचा १५,०००, दोन मुलांची शाळा नि व्हॅन २२,०००, सोसायटी ५,००० आणि धुण्याभांड्याच्या बाईचे ६,०००. उरले २९,४००. त्यातच किराणा, भाजी, पेट्रोल, औषधपाणी आणि कोल्हापूरच्या खेपा. धाकटीच्या वेळी तिने स्वतःची नोकरी सोडली, तेव्हापासून दुसरा पगारही नाही.

"पन्नास हजार आम्ही मोडलेल्या ठेवीतले आहेत, ताई," ती पाण्याकडे बघत म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागदाची घडी करून मी पर्समध्ये ठेवली. काय बोलावं सुचेना, म्हणून नुसता तिचा हात धरला.

रात्री तोच कागद मामंजींपुढे ठेवला. ते बँकेत कारकून होते. चष्मा लावून त्यांनी बेरीज तपासली आणि म्हणाले, "१९७३-७४ साली तर सगळ्यांत वरच्या कमाईवर शंभरातले पावणेअठ्ठ्याण्णव रुपये सरकार घ्यायचं. आमच्यापर्यंत काही ते आलं नाही!" मग थोडं थांबून, "आपल्याकडे उसाच्या बिलावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे आलेली रक्कम ती आपली, अशी सवय. पगाराचंही तसंच असेल असं वाटलं बघ." चूक माझी एकटीची नव्हती, एवढाच काय तो दिलासा.

भिंतीचं काम दोन टप्प्यांत करायचं ठरलं. पाया आणि खालचा भाग आत्ता, भावोजींचे पन्नास हजार आणि ह्यांची शिल्लक घालून. वरचं काम वर्षाअखेरीची रक्कम हातात आल्यावर. मला अर्धवेळ शिकवणीचे महिना १२,००० मिळतात. आपल्या राज्यात पंचवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्या बायकांना व्यवसाय करही माफ आहे, म्हणजे मला पूर्ण रक्कम मिळते. त्यातले ४,००० दर महिन्याला भिंतीसाठी मी बाजूला काढायचे ठरवले.

मैत्रिणींनो, कुणाच्या पॅकेजला बाराने भागण्याआधी त्या घरच्या बाईला जरा विचारा. मी विचारलं नाही, नि एक वाक्य बोलून बसले. ते काही परत घेता येत नाही.

पुण्याला निघताना जाऊबाईच्या पिशवीत चिवड्याच्या डब्याखाली ती वेणीची चप्पल ठेवली. पोचल्यावर तिचा फोन आला. "ताई, माप कसं बरोबर आलं हो?"

"त्या दिवशी पायात घातलीस, तेव्हाच बघून ठेवलं होतं," मी म्हटलं.