नागपूरची थंडी व पळसाचे पायमोजे

नागपूर म्हटलें कीं पुण्यामुंबईच्या वाचकांस प्रथम आठवतीं तीं संत्रीं, आणि त्यामागोमाग येथील उन्हाळा. वैशाखांत आमच्याकडे आलेला पाहुणा परत जातांना जो निरोप घेतो, तो बहुधा कायमचाच! परंतु ह्या नगरीस हिंवाळाहि आहे, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. समुद्र दूर, आकाश निरभ्र, उत्तरेचा वारा मोकळा. त्यामुळें दिवसा तापलेली भूमि रात्रीं झपाट्यानें निवते. २९ डिसेंबर २०१८ रोजीं येथें पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या पहाटें आम्ही नित्यनेमाप्रमाणें फुटाळा तलावाकडे फिरावयास गेलों आणि परत आलों, तेव्हां पायांचीं बोटें जागच्या जागीं आहेत कीं नाहींत हें चाचपून पाहावें लागलें. आमच्या पायमोज्यांचा इतिहास येथून सुरू होतो.

थंडीच्या दिवसांत शहरांत तिबेटी लोक लोंकरी कपड्यांचीं दुकानें मांडतात. गोंदिया जिल्ह्यांत गोठणगांवाजवळ १९७२ पासून त्यांची वसाहत आहे. तेथून एक जोड आणावा असा आमचा विचार होता. गृहिणीनें तो हाणून पाडला. "तो माल लुधियानाच्या यंत्रांवरचा. मी विणून देतें," असें ती म्हणाली. विणकामाचा तिचा छंद जुना. लोंकर घरीं रंगविण्याचा मात्र नवा. वर्ध्याच्या मगन संग्रहालयांत (ह्याचें उद्घाटन १९३८ सालीं महात्माजींच्या हस्तें झालें) वनस्पतींच्या रंगांत रंगविलेली खादी तिनें पाहिली होती आणि तेव्हांपासून तिच्या मनानें पळस घेतला होता.

फाल्गुन लागला म्हणजे नागपूरभोंवतालचीं रानें पेटल्यासारखीं दिसूं लागतात. पळसास संस्कृतांत किंशुक म्हणतात. 'हा पोपट तर नव्हे?' अशी त्या नांवाची परंपरागत फोड आहे, आणि पाकळीची बांकदार चोंच पाहिली म्हणजे ती पटते. अंबाझरीकडे झाडांखालीं पडलेलीं फुलें वेंचून आणावीं, रात्रभर भिजत घालावीं, सकाळीं उकळून पाणी गाळून घ्यावें. लोंकर धुऊन, तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी तुरटी पाण्यांत विरघळवून, त्यांत मंद आंचेवर तासभर ठेवावी. मग ती रंगांत सोडावी व सावलींत वाळवावी. तिनें हें सर्व एका ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत केलें. रंग असा आला कीं हळदीनें मान खालीं घालावी.

पहिला मोजा त्याच हिंवाळ्यांत पुरा झाला. दुसरा झाला नाहीं. गृहिणीच्या डोळ्यांच्या पडद्यास विकार जडला आणि दोन वर्षांत मधली दृष्टि गेली. कडेचें थोडें दिसतें. पण सुईवरचा टांका दिसत नाहीं. एकुलता मोजा ट्रंकेंत पडला आणि उरलेल्या लडीस कसर लागली.

दुसरा मोजा आपण विणावा, असें आमच्या मनांत कां आलें हें सांगणें कठीण आहे. पस्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलेल्या हातांत सुया नीट बसेनात. तिच्यापुढें बसून आम्ही विणावें, आणि तिनें बोटांनीं टांके मोजून, "अहो, इथें एक टांका सांडला आहे," असें म्हणावें. मग सर्व उसवावें. चौसष्ट टांके चार सुयांवर. टांचेपाशीं त्यांतले निम्मे बाजूला ठेवून उरलेल्यांवर मागेंपुढें विणत जावयाचें, आणि मग कडेचे टांके उचलून पुन्हां गोल फिरावयाचें. सपाट विणीला एकाएकीं टांचेचा खोलगटपणा येतो, तो क्षण आम्हांस पाणिनीच्या एखाद्या सूत्रासारखा वाटला. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत आम्ही जो गोंधळ पाहत असूं, तो आतां आमच्या डोळ्यांत होता. सुदैवानें तो तिला दिसत नव्हता.

रंगाची गोष्ट निराळी. पहिली लडी आम्हीं उकळत्या पाण्यांत पळीनें कढी ढवळावी तशी ढवळली. लोंकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, आंच आणि हालचाल मिळतांच ते एकमेकांत अडकतात. हातीं आला तो नमदा. दुसरी लडी जपून रंगविली. पण रंग पिवळा न येतां शेवाळी आला. कारण उमगेना. शेवटीं इतवारींत तुरटी आणावयास गेलों असतां गोळीबार चौकाकडे वळलों. ही कोष्ट्यांची जुनी वस्ती. १८७७ सालीं उघडलेली एम्प्रेस मिल २००२ मध्यें बंद पडली, आणि इकडच्या हातमागांचाहि आवाज आतां विरळा. एका वृद्ध विणकरास लडी दाखविली. त्यानें ती उजेडांत धरली आणि विचारलें, "गुरुजी, भांडं कोणतं होतं?" आम्हीं लोखंडी कढई वापरली होती! लोखंडाच्या संसर्गानें पिवळा काळवंडतो, हें ज्ञान त्यास होतें, आम्हांस नव्हतें.

विश्वनाथानें साहित्यदर्पणांत पूर्वरागाचे तीन प्रकार सांगितले आहेत: नीलीराग झळकत नाहीं पण जात नाहीं, कुसुंभराग झळकतो पण जातो, मंजिष्ठाराग झळकतोहि आणि टिकतोहि. हें आम्हीं अनेक वर्षें पाठ म्हणून दाखविलें. रंग धुतांना कसा उतरतो हें मात्र कधीं पाहिलें नव्हतें.

फुलांचा मोसम संपला होता. त्याच लडीचा मोजा विणून पुरा केला. तिनें दोन्ही हातांत एकेक घेतला, टांचा चाचपल्या आणि विचारलें, "रंग जुळला का हो?" तिला कळण्यास मार्ग नव्हता. "जुळला" हा शब्द आमच्या ओठांपर्यंत आला होता, हें येथें कबूल करतों.

"नाहीं," आम्ही म्हणालों. "तुझा पिवळा आहे, माझा शेवाळी."

ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "शेवाळी उजव्या पायांत घाला. डावा तुम्ही नेहमीं पुढें टाकतां. लोक तोच पाहतील."

तीन हिंवाळे तसेच घालीत आहों. पिवळा धुऊन धुऊन फिका होत चालला आहे, शेवाळी आहे तसाच आहे. ती विचारते, आम्ही सांगतों. मागल्या महिन्यांत पिवळ्याच्या टांचेस भोंक पडलें. टांच तिनेंच बोटांनीं चाचपीत रफू केली. सुई आम्हीं ओंवून दिली.