कागल टू क्वेरेतारो, व्हाया लक्ष्मी टेकडी

'वीकएंडला पंचतारांकितमध्ये चाललेय,' असं ग्रुपवर टाकलं, तर पाच मिनिटांत तीन जणांनी स्विमिंग पूल आहे का, असं विचारलं. आता काय सांगणार? पूल नाही, बुफे नाही, लॉबीत पियानो तर अजिबातच नाही. ही फाइव्ह स्टार म्हणजे कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र. पुणे-बेंगळुरू हायवेने कोल्हापूर मागे टाकलं की वीसेक मिनिटांत लक्ष्मी टेकडी लागते. तिथे डावीकडे वळायचं. सरळ गेलात तर कागल गाव, पुढे दूधगंगा, आणि बघता बघता पाट्या कन्नडमध्ये.

मॉल-मल्टिप्लेक्सवाल्या आपल्यासारख्यांना एमआयडीसी हे काही बघायचं ठिकाण वाटत नाही. पण इथले रुंद रस्ते, मधूनच घुसलेला उसाचा फड, एका बाजूला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना, दुसरीकडे इंडो काउंटच्या परदेशी निघालेल्या बेडशीट्स... हे कॉम्बिनेशन भारी आहे. सकाळच्या हवेत गुऱ्हाळाचा आणि मशीन ऑइलचा वास एकत्र येतो. तुमच्या अंगावरच्या फॉर्मल शर्टाचं कापडही कदाचित इथलंच असेल. रेमंडचा उंची सुती कापडाचा कारखाना इथे आहे, तो आधी एका इटालियन कंपनीबरोबरच्या भागीदारीत होता. तुर्कस्तानातल्या सोके गावच्या सोक्ताश कंपनीनेही इथे गिरणी घातली होती. २०१९ मध्ये ती बिर्लांच्या ग्रासिमने घेतली.

म्हणजे इटलीची, तुर्कस्तानची माणसं नोकरीसाठी या माळावर येऊन गेली. आता उलटी वाहतूक सुरू आहे. इथली पोरं जर्मनी, अमेरिका आणि मेक्सिकोला जाताहेत. आणि त्यांच्या मागोमाग रिटायर झालेले आई-बाप.

माझ्या मामाचीच गोष्ट घ्या ना. तीस वर्षं त्याने कोल्हापूरच्या एमआयडीसींमध्ये काढली, त्यातली शेवटची इथे एका मशीन शॉपमध्ये, सुपरवायझर म्हणून. या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण झाली, शाल-श्रीफळ मिळालं, घड्याळही मिळालं. त्याचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, मेक्सिकोतल्या क्वेरेतारो शहरात गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत आहे. तिकडे हा उद्योग जोरात आहे, म्हणजे एका अर्थाने पोरगा एका एमआयडीसीतून दुसऱ्या एमआयडीसीत गेला. त्याचं एकच पालुपद, 'पप्पा, आता इकडं या. कायमचे.'

रोज सकाळी आठला फोन. तिथे तेव्हा आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. २०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतेक भागात घड्याळ पुढे-मागे करणं बंद केलं, त्यामुळे साडेअकरा तासांचा फरक बारमाही पक्का. मामी म्हणते, 'त्याचं जेवण झाल्यावर आपला चहा.'

आपण ऑनसाइटवाले आई-बाबांना 'इकडे या' किती सहज म्हणतो नाही? मीही मेक्सिको म्हणजे टकिला आणि टाकोज एवढ्याच भांडवलावर मामाला पटवायला गेले होते. वाटलं होतं, खाण्यापिण्यावरून, रीतिरिवाजांवरून अडेल. पण तिथे अडतच नाही हो!

कारण अर्धं मेक्सिको कोल्हापुरात आधीच येऊन बसलंय. तांबड्या रश्श्याला तांबडा करणारी मिरची मूळची त्याच भागातली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती गोव्याकडे आणली आणि संकेश्वरी म्हणून ती इथलीच झाली. मका तिकडचा. दसऱ्याला दाराला लागतो तो झेंडूही तिकडचाच. मामेभावाने व्हिडिओवर बाजारात गुळाच्या छोट्या शंकूसारख्या ढेपा दाखवल्या, नाव पिलोन्सीयो. मामाने स्क्रीनला नाक लावून निकाल दिला, 'रंग काळपट हाय, पर गूळच हाय.' कोल्हापूरच्या माणसाने दुसऱ्या गुळाला गूळ म्हणणं ही काय साधी गोष्ट आहे?

मग तॉर्तिया. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, वाटायचा, थापायचा, तव्यावर टाकायचा. मामी म्हणाली, 'भाकरीच की ही. पातळ लाटलीया एवढंच.' आणि चुना बघून मामा खूश, पानवाल्याची उणीव भासणार नाही म्हणे. (ती भासणारच आहे, पण आत्ताच कशाला बोला?)

सगळ्यात गंमत वाटली ती पितरांची. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला मेक्सिकोत घरोघरी गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. ते त्या रात्री घरी येतात, अशी श्रद्धा. इकडे सर्वपित्रीला आपण काय करतो? कावळा नाही, एवढाच फरक. हॅलोविनच्या पार्ट्यांत जे कवटीचे मुखवटे आपण घालतो, त्यामागे हे घरगुती प्रकरण आहे, हे मला तरी मामीला समजावता समजावता उमगलं.

स्वभावसुद्धा जुळतो. तिथे 'आहोरिता' असा एक शब्द आहे. अर्थ 'आत्ता', पण तो आत्ता पाच मिनिटांनी येईल, उद्या येईल किंवा कधीच येणार नाही. कोल्हापुरात त्याला 'आलोच' म्हणतात. हॉटेलात शिरताना शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्या अनोळखी माणसालाही 'प्रोवेचो' म्हणायचं, म्हणजे सावकाश होऊ द्या!

आणि मराठी माणूस तिथे राहू शकतो का, या प्रश्नाचं उत्तर तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालंय. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्याचे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. इराण, जर्मनी, रशिया असं फिरत १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी शाळेत शिकवायला लागले, मक्याच्या नव्या जातींवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर चित्र काढलं, त्यात जेवणाच्या टेबलाच्या मध्यभागी बसून भाकर वाटणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे. तिथेच लग्न झालं, मुली झाल्या. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही बसला.

मी हे सगळं रंगवून सांगितलं. मामाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'म्हातारपणी कुठं हुते?'

नागपूरला. पन्नाशीच्या दशकात ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरातच गेले. तीस वर्षांचा जम बसवलेला माणूस साठी उलटल्यावर घरी आला. मामा काही बोलला नाही, फक्त चहा बशीत ओतला.

मामाचं खरं अडतंय ते छातीत. तीन वर्षांपूर्वी स्टेंट पडला, सोबत शुगर आणि बीपी. तेव्हाचं बिल कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमने भरलं. तो मेडिक्लेम रिटायरमेंटच्या दिवशी संपला. ईएसआय कधीच सुटलं होतं, कारण त्याची पगाराची मर्यादा २१ हजार आणि मामाचा पगार वर गेलेला. जो त्या मर्यादेत राहून पाच वर्षं भरून निवृत्त होतो, त्याला आणि बायकोला वर्षाला १२० रुपयांत उपचार मिळतात. मामा म्हणतो, 'पगारवाढ घेतली, हितं चुकलं बग.' सरकारचं सत्तर वर्षांवरच्यांसाठीचं कार्ड मिळायला अजून बारा वर्षं. पेन्शन ईपीएसची, साडेचार हजारांच्या आसपास.

आता हा माणूस मेक्सिकोत रिटायर व्हायला निघाला तर काय? तिथे रिटायर होणं ही मुळात अमेरिकन-कॅनेडियन मंडळींची फॅशन. चापाला तळ्याकाठी आणि सान मिगेल दे आयेन्देत त्यांच्या वसाहतीच आहेत. डॉलरमध्ये पेन्शन आणि पेसोत खर्च, चैनच की! पेन्शनरचा रेसिडेन्सी व्हिसा मागायला महिन्याला काही हजार डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. मामाचं पेन्शन डॉलरमध्ये पन्नासच्या आसपास भरतं. ते दार बंद. पण मुलाकडे रेसिडेन्सी असेल तर आई-वडील कुटुंब म्हणून अर्ज करू शकतात.

आणि तिथलं ईएसआय म्हणजे 'इम्स'. नोकरदाराच्या पगारातून आणि मालकाकडून पैसे कापले जातात आणि त्याच्या घरात, त्याच्या आधाराने राहणाऱ्या आई-वडिलांचंही नाव त्यात लागतं. स्वतः वर्गणी भरून इम्समध्ये शिरायचीही सोय आहे, पण आधीपासून मोठे आजार असतील तर तिथे नकार मिळू शकतो. रांगा लांब, स्पेशालिस्टची तारीख लांब, असं मामेभाऊच सांगतो. घाईच्या वेळी लोक औषधांच्या दुकानाला जोडलेल्या छोट्या दवाखान्यात जातात, तिथे डॉक्टर थोड्या पैशांत तपासतो. अशा एका दुकानसाखळीबाहेर पांढऱ्या मिशांचा गुबगुबीत डॉक्टरचा बाहुला गाणी लावून नाचत असतो. मामी व्हिडिओ बघून एवढी हसली की विचारू नका. मामा नाही हसला. 'रात्री दोनला छातीत दुखलं तर ह्यो नाचणारा काय कामाचा?'

त्यात उंची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, क्वेरेतारो अठराशेच्या वर. सुरुवातीला दमायला होतं. त्याच्या हार्टच्या डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलंय, फक्त पहिले काही दिवस जिने-चढ नको आणि औषधांची मूळ नावं लिहून न्यायची. ब्रँडची नावं तिथे चालणार नाहीत. मेटफॉर्मिनचं तिथे मेतफोर्मिना, म्हणजे ओळखू येईल.

दुपारी मामा मला त्याची जुनी कंपनी बाहेरूनच दाखवायला घेऊन गेला. साडेतीनची शिफ्ट सुटली होती. गेटपासून चहाच्या टपरीपर्यंत शंभर पावलं असतील नसतील, पण आम्हाला वीस मिनिटं लागली. 'मामा, कुठं असता?' (हो, तिथेही सगळे त्याला मामाच म्हणतात.) कुणाची मुलगी दहावीला, कुणाच्या म्हशीचं दूध आटलेलं, एका पोराचा ड्रिल सारखा तुटत होता. मामाने तिथेच टपरीच्या फळकुटावर बोटाने आकृती काढून त्याला अँगल समजावला. वडापवाला आमच्यासाठी थांबला, न सांगता. त्या दुखलं-खुपलं तर म्हणून प्रश्नाचं उत्तर मामाकडे होतं. तीन वर्षांपूर्वी छातीत कळ आली ती इथेच, सेकंड शिफ्टला. रुग्णवाहिकेची वाट न बघता चौघांनी उचलून कुणाच्या तरी व्हॅनमध्ये घातलं आणि अर्ध्या तासात तो कोल्हापुरात टेबलवर होता. त्या चौघांपैकी दोघं आत्ता शेजारी कटिंग पीत होते.

मामेभावाला मी हे फोनवर सांगितलं. तो जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, 'ताई, ते चौघं मी इथं कुठून आणू? पण मी इथं असताना तिकडं काही झालं तर मी तरी कसा पोचू?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कितीजणांकडे आहे?

शेवटी असं ठरलंय की कायमचं नाही, आधी तीन महिने. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतलाय, पण जुन्या दुखण्याचा खर्च तो देणार नाही, असं त्यात स्पष्ट छापलंय. म्हणून ग्रॅच्युइटीतले चार लाख वेगळे काढून ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही. तीन महिन्यांची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हँडबॅगेत. मामीची एकच अट, सर्वपित्री इथे उरकूनच निघायचं. म्हणजे नोव्हेंबरच्या दोन तारखेला त्यांच्याकडचीही बघायला मिळेल. मामाच्या वडिलांचा फोटो तिने आत्ताच साड्यांच्या घडीत ठेवलाय.

मामाने टपरीवाल्याकडची उधारी मिटवायला पैसे काढले, तर त्याने हात मागे घेतला. 'आल्यावर द्या की.'