शर्यतीच्या वाटेवरची नदी

परदेशात फॉर्म्युला वन बघायचं ठरवलं की पहिली शर्यत व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी लावावी लागते. तारखा मध्यरात्री उघडतात म्हणून जागा, सकाळी संपलेल्या असतात म्हणून पुन्हा जागा. त्यात तीस हजार युरोंचा विमा, बँकेची स्टेटमेंटं, ऑफिसचं रजेचं पत्र, रोजचा कार्यक्रम. हा शेवटचा कागद मात्र मला आवडला. मी सॉफ्टवेअरवाला, एक्सेलची शीट दिसली की मला हुरूप येतो.

शर्यत बेल्जियमची, स्पा-फ्रँकोरशाँची, 28 जुलै 2024. तिकीट सगळ्यांत स्वस्त, 'ब्राँझ'. म्हणजे खुर्ची नाही, डोंगराच्या उतारावर मिळेल तिथे बसायचं. सर्किटजवळच्या गावांत त्या आठवड्यात राहणं माझ्या पगाराला झेपणारं नव्हतं, म्हणून मुक्काम लिएज शहरात. तिथून रेल्वेने व्हेर्व्हिए, पुढे बस. शीटमध्ये ही सरळ रेघ होती. नकाशावर ती रेघ एका नदीला चिकटून वळणं घेत जात होती. नदी व्हेद्र, आणि वाटेतलं एक स्टेशन पेपिन्स्टर.

पेपिन्स्टर हे नाव मी सर्च केलं ते स्टेशनाची वेळ बघायला. समोर आले 2021च्या जुलैतले फोटो. तपकिरी पाणी, नदीकाठच्या कोसळलेल्या भिंती, एकावर एक चढलेल्या गाड्या. 14 आणि 15 जुलै. बेल्जियममध्ये चाळीसच्या आसपास माणसं गेली, त्यांतली बरीच या खोऱ्यातली.

आमचं घर चिपळूणचं. आमच्याकडे वाशिष्ठी शिरली ती त्याच महिन्याच्या 22 तारखेला, बरोबर आठवड्याने. मी पुण्यात होतो. दीड दिवस घरचा फोन लागला नाही. बाबा एसटीत ड्रायव्हर, आगारच पाण्याखाली गेल्याचं मी टीव्हीवर बघितलं. तो दीड दिवस मी काय केलं हे मला नीट सांगता येत नाही. लॅपटॉप उघडा होता एवढं आठवतं.

पेपिन्स्टरचे फोटो मी तेव्हाही बघितले असणार, बातम्यांत होतेच. पण आपल्या पुराच्या आठवड्यात दुसऱ्यांचा पूर डोळ्यांत राहत नाही. शीटमध्ये 'लिएज दर्शन' म्हणून ठेवलेला गुरुवार मी खोडला आणि तिथे 'व्हेद्र' लिहिलं.

व्हेर्व्हिए हे लोकरीचं शहर. व्हेद्रच्या मऊ पाण्यात लोकर चांगली धुतली जाते म्हणून इथे गिरण्या आल्या, शहर श्रीमंत झालं, मग गिरण्या बंद पडल्या. ज्या पाण्याने पोसलं तेच पाणी घरात आलं. तीन वर्षांनीही नदीकाठची काही घरं रिकामी होती, तळमजल्याच्या खिडक्यांना फळ्या. एका बेकरीत मी फोनवरच्या भाषांतराने विचारलं, पाणी कुठवर आलं होतं? बाईंनी काउंटरबाहेर येऊन हात वर केला, डोक्याच्याही वर. मीही माझा हात वर केला आणि फोनमध्ये टाइप केलं, आमच्या घरात एवढं. मग त्या बऱ्याच वेळ बोलल्या. अॅपला निम्मंच कळलं. त्यांतला धरण हा शब्द मात्र तीनदा आला. वरच्या धरणातून पाणी कधी सोडलं, किती सोडलं, हा वाद तिथे झाला तसाच चिपळूणलाही झाला. दोन्हीकडे मीटर, आकडे आणि अहवाल आहेत. लोकांचं समाधान दोन्हीकडे नाही.

शुक्रवारी गाड्यांचा सराव सोडून मी जुन्या सर्किटवर गेलो, यावर माझे एफ-वनवेडे मित्र अजून नाराज आहेत. आजचं स्पा 7.004 किलोमीटरचं, 1979 साली आखलेलं. त्याआधीचं त्याच्या दुप्पट होतं आणि ते सर्किट नव्हतंच, फ्रँकोरशाँ, मालमेडी आणि स्टाव्हलो या गावांमधले रोजच्या रहदारीचे रस्ते होते. 1970मध्ये त्यावरची शेवटची फॉर्म्युला वन शर्यत ताशी 241 किलोमीटर सरासरीने जिंकली गेली. मास्टाचं वळण तर घरांच्या मधून जायचं. 1966च्या पहिल्याच फेरीत पाऊस आला आणि जॅकी स्टुअर्टची गाडी इथे रस्ता सोडून गेली. पेट्रोलने भिजलेला तो गाडीत अडकला आणि त्याला सोडवलं ते ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरंट या दोन ड्रायव्हरांनी, प्रेक्षकाकडून पाना मागून आणून. पुढे सुरक्षेसाठी स्टुअर्ट आयुष्यभर भांडला ते यामुळे.

मालमेडीत सायकल भाड्याने घेऊन मी मास्टाला पोचलो. ट्रक जात होते, गाई चरत होत्या. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. कुंभार्ली घाटात वीस वर्षं लाल डबा चालवलेला माणूस. त्यांनी रस्ता दोन्हीकडे दाखवायला लावला आणि विचारलं, "कठडा कुठाय?"

"तेव्हा नव्हता."

"मग पावसात गाडी सोडलीच कशाला त्यांनी? आमचा कंट्रोलर नसता सोडत."

कंट्रोलरचा मुद्दा बिनतोड आहे. स्पाला अजूनही एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस असतो. 2019मध्ये अँतुआन युबेर इथेच गेला, 2023मध्ये पावसात डिलानो व्हान्ट हॉफ. मधल्या काळात डांबराच्या मोकळ्या जागा वाढवल्या, खडी परत आणली. 2021च्या ऑगस्टमध्ये, पुरानंतर सहा आठवड्यांनी, पाऊस थांबेना तेव्हा सेफ्टी कारमागे मोजक्या फेऱ्या मारून अर्धे गुण वाटले. त्या दिवसाची जगभर टिंगल झाली. बाबांच्या मते एवढा एकच दिवस कोणीतरी शुद्धीवर होतं.

शर्यतीच्या दिवशी मात्र कडक ऊन. चव्वेचाळीस फेऱ्या मी केमेलच्या उतारावर गवतात बसून बघितल्या. आवाज कानात नाही, बरगड्यांत ऐकू येतो. जॉर्ज रसेल एकदाच टायर बदलून जिंकला, मागे अगदी चिकटून हॅमिल्टन. माझ्या शेजारचं डच कुटुंब पूर्ण वेळ मला चीज खायला घालत होतं.

बसच्या रांगेतून सुटून व्हेर्व्हिएची रेल्वे मिळाली तेव्हा डब्यात एकदम गलका झाला. रसेल बाद, गाडी दीड किलो हलकी भरली होती. किमान वजन 798 किलो, भरलं 796.5. फोनवरून फोन फिरले, कोणी हसलं, एकाने टोपी आपटली. एवढ्यात पेपिन्स्टर आलं. दोन बायका पिशव्या घेऊन उतरल्या. पुलाखाली व्हेद्र दिसली, घोटाभर पाणी, मधोमध दगड.

बाबांना निकाल कळवला. उत्तर आलं, "नदीचा फोटो टाक. पुलावर पातळीची पट्टी आहे का बघ."