यंदाच्या तीन सहली

डिसेंबर संपत आला की घरोघरी वर्षाचा हिशेब होतो. किती खर्च झाला, कोणाचा निकाल कसा लागला, कोणाचे लग्न ठरले. आमच्या घरच्या यंदाच्या हिशेबात तीन सहली सर्वांत वर आहेत, आणि त्याचे कारण अम्मी आहेत.

अब्बांच्या इंतकालानंतर अम्मींची इद्दत पूर्ण झाली, तरी त्या घराबाहेर पडत नव्हत्या. दवाखाना किंवा एखादे मयतीचे घर, एवढेच त्यांचे जाणे उरले होते. "डोंगर मुलांनी चढावेत, मी येऊन काय करू?" असे त्या म्हणत. तरीही जानेवारीत त्यांना दौलताबादला नेले.

यादवांची देवगिरी ती हीच. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि दौलताबाद हे नाव दिले. तासलेला कडा, खोल खंदक आणि त्यापुढची अंधारी वाट! शत्रूला चकवण्यासाठी केलेल्या त्या वाटेत आज वटवाघळे राहतात. मुले ओरडत, एकमेकांचा हात धरत पार बारादरीपर्यंत चढली. अम्मी खाली चांदमिनारजवळ सावलीत बसल्या होत्या. आम्ही उतरलो तेव्हा त्यांनी मुलीला विचारले, "वर काय काय आहे गं?" कितीतरी महिन्यांनी त्यांनी स्वतःहून काही विचारले होते. मुलगी अर्धा तास सांगत राहिली.

परतताना खुलदाबादला मलिक अंबरचा मकबरा पाहिला. हबशातून गुलाम म्हणून आणलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झाले. त्याने शहराला नहरीने पाणी आणले, हे ऐकून अम्मी म्हणाल्या, "पाणी पाजणाऱ्याचे नाव राहते."

ऑगस्टमध्ये आमच्या नगरजवळचा सलाबतखानाचा मकबरा. लोक त्याला चांदबीबीचा महाल म्हणतात, पण चांदबीबी तिथे दफन नाही. ही कबर मुर्तझा निजामशहाच्या वजिराची. डोंगरमाथ्यावरची तीन मजली, अष्टकोनी इमारत, खाली हिरवे रान आणि ओढणी उडवणारा वारा. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे अम्मींच्या गुडघ्यांना त्रास झाला नाही. त्यांनी ओट्यावरून सावकाश एक पूर्ण फेरी मारली. मग चपात्या आणि शामी कबाबचा डबा उघडला. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मुरूडचा जंजिरा. राजपुरीहून शिडाच्या होडीने जावे लागते. किल्ल्याच्या दरवाजाशी होडी वरखाली होते, तेव्हा तरुणही बिचकतात. नावाडी म्हणाला, "अम्मा, हात द्या, घाबरू नका." अम्मींनी बिस्मिल्लाह म्हणून पाऊल टाकले आणि पायरीवर उभ्या राहिल्या. मुलांनी टाळ्याच वाजवल्या! कलालबांगडी तोफ पाहून आम्ही तलावापाशी आलो. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी. अम्मी बराच वेळ तिथेच बसल्या. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे आफ्रिकेतले, हे कळताच मुलीने विचारले, "म्हणजे मलिक अंबरच्या मुलखातले?" पुस्तकातला इतिहास तिला असा जोडता आला, याचा शिक्षिका म्हणून मला फार आनंद झाला.

तिन्ही सहलींना भाड्याची जीप आणि घरचा डबा, यापलीकडे मोठा खर्च नव्हता. लग्नातल्या आहेरावर आपण याहून जास्त घालवतो. अनेक घरांत वृद्धांना "तुम्हाला झेपणार नाही" असे सांगून मागे ठेवले जाते. सगळे चढायलाच हवे असे नाही. सावलीची जागा, पाण्याची बाटली, जवळ बसायला एक माणूस आणि परतल्यावर सविस्तर हकिकत, एवढे पुष्कळ होते.

पुढच्या वर्षाचे ठिकाण अम्मींनीच ठरवले आहे: विजापूरचा गोलघुमट. अब्बांनी तिथल्या प्रतिध्वनीबद्दल त्यांना सांगितले होते. तो आता त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचा आहे. इन्शाअल्लाह, जाऊ.