मध्ये बोलणारी खोली

मराठीत ‘ऐकू येणे’ आणि ‘शब्द लागणे’ असे दोन वेगळे प्रयोग आहेत, आणि ते वेगळे आहेत हे बरेच आहे. लांबच्या देवळात कीर्तन चालू असले की बुवांचा आवाज ऐकू येतो, चालीवरून अभंगही ओळखता येतो, पण निरूपणातले शब्द लागत नाहीत. हाच अनुभव स्वतःच्या हॉलमध्ये, दहा फुटांवरच्या स्पीकरसमोर बसून येऊ लागला तर काय म्हणावे? होम थिएटर नावाचा सरंजाम आता मध्यमवर्गीय घरांतही रुळला आहे: पाच स्पीकर, एक सबवूफर, भिंतभर चित्र. स्फोट, पाऊस, पार्श्वसंगीत सगळे अंगावर येते. पात्रे काय बोलली हे मात्र शेजारच्याला विचारावे लागते. मग आवाज वाढवायचा, आणि पुढच्या पाठलागात रिमोट शोधून तो घाईघाईने कमी करायचा.

आमच्या घरी हा प्रश्न गमतीचा राहिला नाही, याचे कारण अप्पा. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवलेला माणूस, आता दोन्ही कानांना श्रवणयंत्रे. समोर बसून घाई न करता बोलले तर त्यांना सगळे कळते. पण रविवारी रात्री घरातले सगळे चित्रपट पाहायला बसले की ते हळूहळू गप्प होत. सगळे हसले की क्षणभराने तेही हसत. तो क्षणभराचा उशीर पाहवत नसे. पुढे पुढे ‘तुम्ही बघा, मी जरा आत पडतो’ हे ठरूनच गेले. ‘माझेच कान गेले, त्याला यंत्र तरी काय करणार,’ हे त्यांचे निदान. दुकानदाराचे निदान निराळे होते: चित्रपटातले संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, तेव्हा तो वरच्या दर्जाचा घ्या. नवा स्पीकर घेण्याआधी आम्ही एक साधी परीक्षा केली. अप्पांची खुर्ची उचलून जुन्या स्पीकरपासून हातभर अंतरावर ठेवली आणि तोच प्रसंग पुन्हा लावला. त्यांना जवळजवळ प्रत्येक शब्द लागला. म्हणजे स्पीकर ठीक होता आणि कानही कामापुरते शाबूत होते. शब्दांचे जे काही होत होते ते मधल्या दहा फुटांत होत होते.

काय होत असावे? बोलण्यातली बहुतेक शक्ती स्वरांत असते, आणि ती मुख्यतः एक हजार हर्ट्झच्या खाली. शब्दाशब्दांत भेद करणारी बरीचशी व्यंजने मात्र क्षीण, अल्पायुषी आणि वरच्या वारंवारतेतली. काळ, गाळ, चाळ, जाळ, टाळ, फाळ, बाळ, माळ असे शब्द घ्या. यांतला ‘आळ’ खोलीत घुमत राहतो. आधीचे व्यंजन डोळ्याचे पाते लवायच्या आत संपलेले असते. मागच्या शब्दाचा घुमारा त्याच्यावर पडला की श्रोत्याच्या हाती नुसता आळ उरतो, आणि तो बहुधा त्याच्याच कानांवर येतो. वाढत्या वयात ऐकणे कमी होते तेही आधी वरच्या वारंवारतेचे, म्हणजे नेमके व्यंजनांच्या बाजूचे. श्रवणयंत्र आवाज मोठा करते हे खरे, पण भिंतीवरून परतलेला आवाजही ते तितक्याच इमानाने मोठा करते. तरुण कान मेंदूच्या साहाय्याने या गलबल्यातून वाट काढतात. थकलेल्या कानांना ते झेपत नाही.

आमचा हॉल आजच्या कोणत्याही फ्लॅटमधल्या हॉलसारखा आहे. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर गुळगुळीत छत, भिंतींना धुता येणारा चकचकीत रंग, एका अंगाला पूर्ण काचेचे सरकते दार. लांबी साडेचार मीटर, रुंदी ३.६, उंची २.९. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एवढ्या खोलीत तो सेकंदात शंभराहून अधिक वेळा कुठे ना कुठे आपटतो आणि दर खेपेस शंभरातले चार-पाच भाग तेवढे गमावतो. टाळी वाजवली की तिच्या मागे एक झणझणीत शेपूट ऐकू येई. आपण बोलतो तेव्हा प्रत्येक अक्षराला ही शेपूट असते, आणि सेकंदाला आपण सहज चार-पाच अक्षरे बोलतो. खोली आपल्या मध्ये बोलते म्हणा ना.

या विषयाचा आद्य अभ्यास एका न कळणाऱ्या व्याख्यानातून जन्मला, हे आम्हा अध्यापकांना विशेष जिव्हाळ्याचे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्यातल्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणाला कळेना. विद्यापीठाचे अध्यक्ष एलियट यांनी हा प्रश्न वॉलेस क्लेमेंट सेबाइन या विशीतल्या भौतिकीच्या प्राध्यापकाकडे सोपवला. सेबाइन यांच्याजवळ ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि स्वतःचे कान एवढेच साहित्य. रिकाम्या सभागृहात नळीचा सूर बंद केल्यावरही तो साडेपाच सेकंद ऐकू येत असे. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या उशा ते रात्री उचलून आणीत, थोड्याथोड्या मांडीत, मोजीत आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवीत. सगळ्या उशा आणल्यावर तो निनाद सव्वा सेकंदाच्या आत आला. शोषणाचे माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी घेतली, कारण खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही. यातून निघालेले सूत्र शाळकरी मुलालाही करता येईल इतके सोपे आहे: खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. येईल तो निनादकाळ. १९०० साली उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल याच विचारावर उभे राहिले आणि आजही जगातल्या उत्तम संगीतसभागृहांत गणले जाते.

आमच्या हॉलचे घनफळ ४७ घनमीटर. सोफा, माणसे, पुस्तके धरून शोषण जेमतेम सहा चौरस मीटर. हिशोब सव्वा सेकंदाच्या किंचित वर गेला. बोलणे नीट कळायला एवढ्या खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास असावा.

येथे थोडे विषयांतर. निनादासाठी शास्त्रीय मराठीत ‘अनुरणन’ असा शब्द आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला तो फार आधीपासून ओळखीचा. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने काव्यातल्या ध्वनीचा एक प्रकार समजावताना घंटेच्या अनुरणनाचाच दाखला घेतला: आधी वाच्यार्थ कळतो, मग घंटेच्या टोल्यामागून नाद यावा तसा व्यंग्यार्थ उमटतो. हा क्रम जाणवतो म्हणून त्या प्रकाराला संलक्ष्यक्रम म्हणायचे. म्हणजे काव्यशास्त्रात जे भूषण ते दिवाणखान्यात दूषण कसे, असा प्रश्न वर्गात एखाद्या चुणचुणीत मुलीने विचारला तर उत्तर क्रमात आहे. आधी टोला, मग नाद. आमच्या हॉलमध्ये मागच्या टोल्याचा नाद पुढच्या टोल्यावर स्वार होतो आणि वाच्यार्थच हाती लागत नाही. व्यंग्यार्थ तर दूरच. भरताने नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात हे दोन्ही धरून ठेवले आहे. नाट्यगृह पर्वतातल्या गुहेसारखे, लहान खिडक्यांचे, वाऱ्यापासून सुरक्षित असावे म्हणजे आवाजाला गांभीर्य येते, असे तो सांगतो. आणि ते फार मोठे बांधले तर पात्रांचे बोलणे अस्फुट होते, असेही बजावतो. म्हणून मध्यम आकाराची, चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद अशी वास्तू त्याला पसंत. घुमारा हवा, पण शब्दाच्या पायरीपुढे जाणारा नको. असो.

उपायांची सुरुवात आम्ही आजीच्या गोधड्यांनी केली. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली जड गोधडी भिंतीपासून चार बोटे पुढे टांगली की टाळीची शेपूट तिथल्या तिथे आखडते, हे प्रत्यक्ष ऐकण्यासारखे आहे. तेव्हा लक्षात येते की आपल्या जुन्या घरांत हा सगळा बंदोबस्त कोणी न करता झालेला होता. मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, लाकडी तक्तपोशी, फडताळे, कोनाडे. गाण्याची बैठक असली की सतरंज्या, गाद्या, लोड, तक्के अशी बिछायत, आणि वर दाटीवाटीने बसलेली माणसे. माणसाइतका चांगला शोषक क्वचितच सापडेल. आपण बैठक मोडून फरशी आणली आणि मग म्हणतो, पूर्वीसारखे गाणे ऐकू येत नाही.

गोधड्यांनी वरचा भाग साधला, पण पातळ कापडाला खालच्या सुरांचे काही करता येत नाही. शोषक थर जितका जाड, तितका खालचा सूर त्याच्या तावडीत येतो. म्हणून सुताराकडून चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशा आठ चौकटी करून घेतल्या आणि त्यांत दोन इंच जाडीचे रॉकवूल भरले. त्याचे तंतू अंगाला खाजतात. हातमोजे आणि नाकातोंडावर फडके हवेच. वरचे कापड निवडण्याची कसोटी एकच: तोंडाला लावून फुंकर मारावी. श्वास पलीकडे गेला तर आवाजही जाईल. खादी उत्तम, रेक्झिन मात्र ध्वनीला पुन्हा भिंतच. चौकटीमागे दोन इंच पोकळी ठेवली की त्याच मालातून जास्त काम निघते. जागा ठरवायला एक जुनी युक्ती आहे. एकाने सोफ्यावर बसायचे, दुसऱ्याने आरसा भिंतीवरून सरकवत न्यायचा, आणि बसलेल्याला आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण करायची. ध्वनीचे पहिले परावर्तन तिथूनच येते. या आरसेकामात आमच्यात जे संवाद झाले ते मात्र दहा फुटांवरूनही स्वच्छ ऐकू येत होते.

खाली जाड गालिचा, काचेच्या दारावर दुप्पट चुण्यांचा जड पडदा. कागदावरचे शोषण चौदा-पंधरापर्यंत पोहोचले, म्हणजे निनाद अर्ध्या सेकंदावर. पुस्तकांची भिंत तशीच ठेवली. लहानमोठ्या, पुढेमागे सरकलेल्या ग्रंथांवरून ध्वनी थोडा विखुरतो, आणि खोली अगदीच मुकी करणे बरे नव्हे. सगळे शोषून घेतलेल्या खोलीत तानपुरा लावला तर तो कापसात गुंडाळल्यासारखा वाटतो. अंड्यांचे ट्रे चिकटवा, असा सल्ला तीन जणांनी दिला. हा गैरसमज का टिकून आहे कळत नाही. त्यांनी शोषण फारसे होत नाही, आणि घरात वाळलेला पुठ्ठा भिंतभर लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. शेजाऱ्यांना वाटले, आता आमचा आवाज त्यांच्याकडे जाणार नाही. तोही भ्रमच. ध्वनी शोषणे वेगळे आणि अडवणे वेगळे. अडवायला वजनदार, बिनफटीची भिंत लागते.

सबवूफरचे दुखणे पूर्ण गेलेले नाही. साडेचार मीटरच्या लांबीत ३८ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून उभा राहतो. भिंतीशी तो ढमढमतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. कोपरे जाड रॉकवूलने भरून आणि सोफा मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढून थोडा फरक पडला. यापुढे जायचे तर हॉलमध्ये राहायला जागा उरणार नाही.

त्यानंतर आम्ही चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) लावला. निवड मुद्दाम होती. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली ती तुमच्या गाण्यामुळे, असा आरोप ठेवून एका वृद्ध लोकशाहीरावर चालवलेला खटला ही त्याची कथा. गाण्यात काय म्हटले हाच जिथे वादाचा मुद्दा, तिथे शब्द न लागून कसे चालेल? शिवाय त्यात मोठ्याने, ठसठशीत बोललेले नाटकी संवाद नाहीत. कोर्टातली माणसे बोलतात तशी, कागदात डोके घालून, पुटपुटत बोलतात. अप्पा ‘थोडा वेळ बसतो’ म्हणून बसले. वीरा साथीदार यांचे गाणे संपल्यावर त्यांनी हात वर केला आणि ते पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाले, ‘याच्यात आत्महत्येचे कुठे आहे रे?’ मग चित्रपट थांबवून अर्धा तास वाद झाला, त्यात ते नेहमीप्रमाणे वरचढ ठरले. घरात सहा-सात पाहुणे एकदम बोलू लागले की ते अजूनही हरवतात. त्याला चौकटी पुरत नाहीत.

महाविद्यालयातले आमचे नवे वर्ग मात्र छतापासून फरशीपर्यंत टणक आहेत. शेवटच्या बाकावरची मुले लक्ष देत नाहीत, असे अध्यापककक्षात रोज ऐकू येते. आम्ही दोघांनी तिथे बसून एकमेकांची व्याख्याने ऐकली. पंख्यांची घरघर आणि घुमारा यांतून ‘वृत्त’ आणि ‘वृत्ती’ वेगळे करणे अवघड होते. मागच्या भिंतीला जाड, मऊ फलक लावावेत असा अर्ज आम्ही हिशोबासह दिला. त्यावर शेरा आला: ‘वर्गात सूचनाफलक आधीच आहे.’ दुसरा अर्ज लिहून तयार आहे. त्यात सेबाइन यांच्या उशांचा उल्लेख करावा की नाही, यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही.