ब्रेक मारणारा हात

मेलेल्यांवर आपण लई लिहिलं. लिहायलाच पाहिजे. पण ज्याच्या गाडीखाली माणूस मरतो त्याच्यावर कोण लिहिणार? तोही कामगारच.

माझा थोरला मावसभाऊ मालगाडीवर आहे. कागदावर लोको पायलट, वस्तीत ड्रायव्हरच. तो लागला तेव्हा मावशीनं घरोघर पेढे वाटले. आपल्या पोराच्या हातात हजारो टनांची गाडी!

आजवर त्याच्या गाडीखाली तिघं गेले. नावं तो सांगत नाही, त्याला ती माहीतच नाहीत. तो खांबांचे नंबर सांगतो. रुळाच्या कडेला किलोमीटरचे खांब असतात. माणूस कटला की रिपोर्टात खांबाचा नंबर, वेळ, वेग लिहायचा. खाली सही ठोकायची. मग पुढच्या ड्युटीला गाडी त्याच खांबापासून न्यायची. खांब जवळ आला की त्याचा हात आपोआप हॉर्नवर जातो. रूळ मोकळा असतो. तरी जातो.

मी म्हणालो, "दादा, तुझी काय चूक? तू तर ब्रेक मारला."

"तेच तर! चूक असती तर शिक्षा भोगून मोकळा झालो असतो. हॉर्न मारला, ब्रेक मारला, आन् मग नुसतं बघत बसायचं. गाडी बाजूला घ्यायला स्टिअरिंग नसतंय. शेवटाला माणूस वर बघतो रे. माझ्याकडं."

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा असतो. धागा तुटला की जोडतो. काही बिघडलं तर बटण दाबतो, मशीन थांबते. त्याचं यंत्र तसं नाही. भरलेली मालगाडी इमर्जन्सी ब्रेक मारल्यावरही शेकडो मीटर पुढं जाते. तेवढ्यात तो जे बघतो, त्याला रिपोर्टात रकाना नाही.

८ मे २०२० ची पहाट आठवा. लॉकडाऊन होता. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतले मध्य प्रदेशचे मजूर रुळारुळानं चालत भुसावळकडं निघाले होते. थकले, करमाडजवळ रुळावरच झोपले. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. १६ जण गेले. रुळावर विखुरलेल्या त्यांच्या रोट्या साऱ्या देशानं पाहिल्या. ड्रायव्हरनं माणसं पाहिली आणि गाडी थांबवायचा प्रयत्न केला, असं रेल्वेनं सांगितलं. एका वाक्यात तो माणूस संपला. त्याची पुढची रात्र कशी गेली असेल?

त्या मजुरांना रुळावर ड्रायव्हरनं आणलं नव्हतं. ज्यांच्या हुकमानं कामं थांबली, वाटा बंद झाल्या, त्यांच्या डोळ्यांसमोर कुणी मेलं नाही. हुकूम देणारा लांब असतो. हात चालवणारा समोर असतो. मरण त्यालाच बघावं लागतं.

आणि हे एकट्या करमाडचं नाही. मुंबईच्या लोकल मार्गांवर २०२३ या एका सालात अडीच हजारांवर माणसं गेली. कुणी रूळ ओलांडताना, कुणी गर्दीतून पडून. मोटरमनच्या केबिनला समोर मोठी काच असते. त्या काचेतून हे किती जणांनी पाहिलं असेल, हिशेब करा.

अपघात झाला की जमाव इंजिनावर दगड मारतो. राग खरा आहे. पण दगड आपल्याच माणसाला लागतो. रुळाकडेच्या वस्तीला पादचारी पूल हवा, म्हणून आपण निवेदन लिहितो. त्या मागणीखाली आणखी एक ओळ घाला : माणूस कटला की ड्रायव्हरला भरपगारी रजा, आणि त्याचं ऐकून घेणारं कुणीतरी.