भुईगावात पंचवीस मिनिटे

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याने सायकलवरून जाण्याचे आम्ही १४ जणांनी ठरविले, तेव्हा वाटेत माझे गाव लागते हे मी कोणाला सांगितले नव्हते. चमूतील ज्येष्ठ गृहस्थ ६८ वर्षांचे. डॉक्टर मी एकटाच, म्हणून रक्तदाबाचे यंत्र माझ्या पिशवीत. जलसारला रो-रो बोटीत सायकली चढवून आम्ही वैतरणेची खाडी ओलांडली आणि विरारजवळ मारंबळपाड्याला उतरलो. ही बोट २०२५ साली सुरू झाली; त्यापूर्वी एवढ्याशा पाण्यासाठी महामार्गाचा मोठा वळसा घ्यावा लागे. पुढे वसईहून भाईंदरला जाणारी बोट गाठायची होती. त्यामुळे भुईगावात थांबण्यासाठी माझ्या वाट्याला पंचवीस मिनिटे आली.

आगाशी, नंदाखाल, निर्मळ. विरारच्या इमारती मागे पडल्या आणि वाड्या सुरू झाल्या. मोटारीच्या बंद काचांमुळे मला इतकी वर्षे न जाणवलेली एक गोष्ट सायकलवर जाणवली: बावखलाजवळून जाताना अंगाला लागणारी हवा एकदम गार होते. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे खोदीव तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि समुद्र इतका जवळ असूनही विहिरींचे पाणी गोड राहण्यास हातभार लावते. एके काळी त्यावर रहाट फिरत. त्या पाण्यावर केळी, पानवेली, फुलझाडे पोसली गेली. अनेक बावखले बुजविली गेली. आमच्या घरामागचे अजून आहे, त्याला कारण काकी. तिने ते बुजवू दिले नाही.

मला वाढविले ते तिनेच. गावाच्या हद्दीत शिरताच माझ्या तोंडात आपोआप कादोडी आली, आणि सोबतचे लोक चकित होऊन पाहू लागले. वसईच्या या बोलीत मी नाशिकला कोणाशी बोलणार? फोनवर मात्र रोज बोलतो. 'कशी आहेस?' 'बरी आहे.' सहा महिने हेच उत्तर मी ऐकत होतो आणि तेच खरे मानीत होतो.

काकी ओटीवर खुर्चीत बसली होती. वय ८१. मला पाहून उठली, म्हणजे उठू लागली. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर, मग एक हात खांबावर, आणि क्षणभर डोळे मिटलेले. कोपराखाली जुना, पिवळट पडलेला काळा-निळा डाग होता. विचारल्यावर म्हणाली, ''मोरीत जरा तोल गेला. तुला कशाला सांगायचे? तू तिकडे काळजी करत बसणार.''

मंडळी नारळपाणी पीत होती. मी तिला खाटेवर निजविले, पाच मिनिटे शांत पडू दिले आणि रक्तदाब घेतला: १४२/८४. मग उभे करून एका मिनिटाने: ११२/७०. ''आता अंधारी येते,'' ती म्हणाली. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा १० किंवा अधिक उतरला, तर ती साधी अशक्तपणाची तक्रार समजू नये. खुर्चीत बसवून घेतलेल्या एका मोजणीत हे सहसा सापडत नाही.

''औषधे दाखव पाहू.'' तिने पत्र्याचा डबा पुढे केला. त्यात दोन पट्ट्या होत्या, नावे निरनिराळी, आतले औषध एकच. एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेले. दुसरी मी सहा महिन्यांपूर्वी नाशिकहून पाठविली होती, पहिली संपल्यावर घेण्यासाठी. पण हे वाक्य मी चुलतभावाला फोनवर घाईत सांगितले होते, तिला नव्हे. तो आणि वहिनी सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात. काकी दोन्ही घेत होती.

''ही डॉक्टरांची आणि ही तुझी,'' ती म्हणाली. ''तुझी कशी सोडू?''

तीस वर्षे मी रुग्णांच्या नातेवाइकांना सांगत आलो आहे की सर्व औषधे एका पिशवीत घालून आणा, आणि नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचा. माझ्याच घरचा डबा मी उघडून पाहिला नव्हता.

गावातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून माझी पट्टी त्याच वेळी बंद केली. (वाचकांनी असे बदल आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत.) पण हे औषध अंगातून उतरायला काही दिवस लागतात, तोवर पडण्याची भीती होतीच. ज्येष्ठ गृहस्थांनी घड्याळ पाहिले नाही, मीच पाहिले. मग यंत्र ठेवून घेतले, प्रथमोपचाराची पेटी त्यांच्या हाती दिली आणि फाटकापर्यंत जाऊन १३ सायकली गिरीजच्या दिशेने जाताना पाहिल्या.

वाईट वाटले, हे लपवीत नाही. बाणकोटची खाडी, दाभोळची फेरी, सगळे वर्षभर मनात घोळवले होते. काकीलाही ते कळले; ''जा रे, मी बरी आहे,'' असे ती तीनदा म्हणाली.

पाच दिवस राहिलो. मोरीत दांडा बसविला, रात्रीसाठी दिवा लावला, डब्यावर जाड अक्षरांत औषधाचे मूळ नाव लिहिले. पहाटे जाग येई ती तिच्या आवाजाने. खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेली काकी, उठण्यापूर्वी, मी शिकविल्याप्रमाणे साठपर्यंत मोठ्याने अंक मोजत असे. चाळिसाच्या पुढे तिला घाई होई.